एकेचाळिसावा अध्याय

४ मार्च, मंगळवार

भोंग्या,

अठ्ठावीस वर्षांनी तुला पत्र लिहायला बसले आणि मायन्यातच अर्धा तास गेला. सभेत तुला म्हणतात तसं ‘आदरणीय वाचक’ लिहिलं, खोडलं. नुसतं नाव लिहिलं, ते परक्यासारखं वाटलं. शेवटी जे तोंडात होतं तेच लिहिलं. तू रडायला लागलास की गल्लीतल्या खिडक्या लागायच्या, म्हणून तुला भोंगा म्हणायचे. आता त्याच आवाजावर सभागृह भरतं म्हणे. म्हणजे नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं.

फोन करणार नाही. बाबांच्या औषधांपुरतं आपण फोनवर बोलतो तेवढं पुरे. त्यापुढे गेलं की तू आवाज चढवतोस आणि मी फोन ठेवून देते. पत्र असं मध्येच ठेवता येत नाही.

बाबा बरे नाहीत. डॉक्टरीणबाईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, महिना धरू नका. डोळे गेलेच आहेत, आता पायांवर सूज आहे, दोन घास खाल्ले की दम लागतो. डोकं मात्र लख्ख आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते.

आठ महिन्यांपूर्वी तू त्यांना माझ्याकडे पाठवलंस तेव्हा मी मनात तुला चार शिव्या घातल्या होत्या, की बरे होते तोवर ठेवून घेतले आणि आता दिले ढकलून. असो. जानेवारीत त्यांनी हट्ट धरला, मरायच्या आधी सगळा ग्रंथ एकदा ऐकायचा आणि तो मी वाचायचा. तू सभेत दर रविवारी एक अध्याय वाचतोस. इथे रोज चार वाजता, चहा झाला की मी खाटेजवळ स्टूल ओढते. नियम आजोबांचेच. वाचणाऱ्यानं आधी आकडा सांगायचा, ऐकणाऱ्यानं शेवटी ‘मान्य’ म्हणायचं, आणि मान्य आल्याशिवाय पान उलटायचं नाही. मला वाटलं होतं जड जाईल. नाही गेलं. चाळिसाव्यात ती बाई पुराच्या रात्री परक्या माणसांना दार उघडते, ते मी आपणहून दोनदा वाचलं. बाबाही ‘मान्य’ असं म्हणाले, की आता उठून स्वतःच कडी काढतील असं वाटलं.

मग आला एकेचाळिसावा.

त्यात काय आहे ते तुला सांगायला नको. देव सांगतो, त्या नगरीत दाराला दार उरू देऊ नका, आणि पाळणा हलत असेल तर तोही थांबवा. मी शनिवारी काय केलं ते सांगते, हसू नकोस. आकडा सांगितला एकेचाळीस आणि वाचला बेचाळिसावा. म्हटलं, चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, डोळ्यांनी दिसत नाही, त्याला काय कळतंय! ज्यांनी तीस वर्षं सभागृहात हा ग्रंथ वाचला त्यांना फसवायला निघाले होते मी. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, “हा बेचाळिसावा झाला. माझा एकेचाळिसावा कुठंय?”

“पान फाटलंय, बाबा.”

“मग चिकटव.”

तेव्हापासून वाचन बंद आहे. वाचलास तर एकेचाळिसावा, नाहीतर काही नको, म्हणतात. आणि वर म्हणतात, “मधलं दार उघडं ठेवून वाच.” मधल्या दारापलीकडे तुझे भावोजी दिवसभर कुलपं दुरुस्त करत बसलेले असतात. त्यांची कानस घासल्याचा आवाज बाबांच्या खाटेपर्यंत येतो. म्हणजे माझं वाचन आणि बाबांचं ‘मान्य’ही तिकडे जाणारच.

माझ्या लग्नानंतरचा रविवार तू विसरला नसशील. क्रमानं सव्विसाव्याची पाळी होती. तू तेवीस वर्षांचा नवा वाचक, उभा राहिलास आणि क्रम मोडून एकेचाळिसावा वाचलास, कारण मी कालव्यापलीकडच्या माणसाशी लग्न केलं होतं. कुणासाठी वाचलास ते अख्ख्या सभेला कळलं. पहिल्या खुर्चीवरून बाबांनी ‘मान्य’ म्हटलं आणि त्यांच्यामागून सगळ्यांनी. मी यांचा हात धरून बाहेर पडले ती पडलेच.

कालव्यापलीकडची वस्ती जाळली तेव्हा हे सात महिन्यांचे होते. आईनं डोक्यावर धरून पाण्यातून नेलं म्हणून वाचले. यांची आजी आणि चार वर्षांची बहीण मागे राहिल्या. त्या दिवशी आधी चौकात हाच अध्याय वाचला गेला, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. कुणी वाचला ते कुणी बोलत नाही. आपल्या घरात एवढंच सांगायचे, की तेव्हा वाचक आजोबा होते आणि ते तापानं पडून होते, म्हणून आपला त्यात संबंध नाही.

तो अध्याय आणि ते ‘मान्य’ आता माझ्या घरात, यांच्या कानावर पुन्हा पडायला नको. बाबांचं शेवटचं मागणं मोडवत नाही आणि यांना ते ऐकवणं माझ्याच्यानं होणार नाही. तू ये आणि तूच वाच. तेवढा वेळ मी यांना काहीतरी निमित्त काढून बाजारात पाठवीन. मी हे पत्र लिहिलंय ते यांना माहीत नाही.

लवकर ये.

ताई


११ मार्च, मंगळवार

वाचकमहाशय,

तुमचं पत्र पोचलं. ‘सभा सोडून येता येत नाही’ ही एक ओळ आणि त्यावर सहा पानं निरूपण. बापाला भेटायला यायला सवड नाही, पण सहा पानं लिहायला आहे.

तू लिहितोस, नगरी म्हणजे खरं गाव नव्हे, आपल्या मनातल्या विकारांची वस्ती. छान. मग विकारांच्या घरात पाळणा कुठून आला रे? पुढे लिहितोस, तो काळच वेगळा होता. असेल. मग ‘मान्य’ कुणाकडून वदवून घेतोस, त्या काळाकडून की समोर बसलेल्या माणसांकडून? आणि शेवटी लिहितोस, की देवाचा न्याय माणसाच्या मापानं मापू नये. हे मात्र मला खरंच कळत नाही. मी काही ग्रंथ सोडलेली बाई नाही. माझी पोरगी आजारी होती तेव्हा अडीच महिने हाच ग्रंथ माझ्या उशाशी होता. चाळिसावा सांगणारा आणि एकेचाळिसावा सांगणारा एकच असेल, तर मी तेव्हा हाका कुणाला मारत होते? तुला या प्रश्नाची भीती वाटत नाही का? मला वाटते.

काल मी कात्री घेऊन बसले होते. पान उघडलं तर दिसलं, की एका बाजूला चाळिसाव्याचा शेवट आहे, तिनं कडी काढली आणि दिवा पुढे धरला, आणि त्याच पानाच्या पाठीवर एकेचाळिसावा सुरू होतो. कात्री परत शिवणाच्या डब्यात टाकली.

आणखी एक तुझ्या पत्रातलं. तू लिहिलंस, मी बाबांना पाठवलं नाही, तेच हट्टानं गेले, ‘मला तिच्या घरी नेऊन सोड’ म्हणून दोन दिवस जेवले नाहीत. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाचून बरं वाटायला हवं होतं, पण जास्तच घाबरले. याच घरी का? याच दाराआड का? अठ्ठावीस वर्षांपूर्वी सभेत म्हटलेलं पुरलं नाही म्हणून आता तोंडावर म्हणायला आलेत का?

रोज चार वाजले की ते मान माझ्याकडे वळवतात. मी परवा सांगितलं, चष्मा मोडलाय. हे दारातून ऐकत होते. म्हणाले, “दे, स्क्रू बसवून देतो.” आता काय करते! दिला. त्यांनी उजेडात धरून दोन्ही काड्या उघडून बघितल्या, मिटल्या, रुमालानं काचा पुसल्या आणि माझ्या हातात परत ठेवला. तेव्हापासून मला त्यांच्याकडे बघवत नाही.

तू येत नसशील तर निदान बाबांशी फोनवर बोल. त्यांना सांग, अध्याय वगळला तरी चालतो. तू वाचक आहेस, तुझं ऐकतील.

ताई


१४ मार्च, शुक्रवार

भोंग्या, घाईत लिहिते आहे, हे कुरिअरनं पाठवते, उद्या सकाळी पोचेल म्हणाले.

आज मी औषधं आणायला गेले होते. परत आले तर मधलं दार सताड उघडं आणि हे माझ्या स्टुलावर. बाबांचा हात मांडीवर घेऊन त्यांची नखं कापत होते. आठ महिन्यांत या दोघांचं ‘पाणी हवंय का’, ‘पंखा कमी करू का’ याच्यापलीकडे बोलणं नाही. मला बघून बाबा म्हणाले, “उद्या चार वाजता हे इथं बसणार आहेत. मी विचारलंय त्यांना.”

मी यांना स्वयंपाकघरात ओढलं.

“कुठला अध्याय आहे माहीत आहे का तुम्हाला?”

“चष्मा मोडलेला नव्हता तेव्हाच कळलं.”

“ते मान्य म्हणतील. तुमच्या तोंडावर म्हणतील.”

“म्हणू देत. एकदा ऐकलंय की. मेलो थोडाच?” आणि हसले. यांचं हे असंच. चोर घरात शिरला तरी विचारतील, चहा टाकू का.

पण त्यानंतर बाहेर जाऊन एकच किल्ली त्यांनी तीनदा बिघडवली. तीनदा, भोंग्या! डोळे मिटून किल्ली घासणारा माणूस आहे तो.

मला आज दोन माणसं सांभाळायची आहेत आणि दोघांपैकी एकाला उद्या चार वाजता मी स्वतःच्या तोंडानं मारणार आहे असं वाटतंय. उद्या चारच्या आत फोन कर. काहीही बोल. मी फोन ठेवणार नाही.


१६ मार्च, रविवार

फोन आला नाही. काल दुपारी साडेतीनपासून मी तो हातात धरून बसले होते.

जे झालं ते जसंच्या तसं लिहिते.

हे हात धुऊन आले, साबण लावून, कोपरापर्यंत. भिंतीजवळची खुर्ची घेतली. मी आकडा सांगितला. वाचायला लागले तर आवाज माझा वाटेना. मधे एकदा बाबांनी “सावकाश” म्हटलं, तुला शिकवताना म्हणायचे तसं. पाळण्याच्या ओळीशी आले आणि मला पुढे जाता येईना. अक्षरं दिसत होती, तोंड उघडत नव्हतं. तेव्हा बाबांनीच ती ओळ म्हटली. डोळे मिटलेले, अंगात दोन घासांचं बळ नाही, आणि त्या खाटेतून सभागृहातला आवाज आला. तुझ्याहून चांगला, रागावू नकोस. पुढचं मी कसंबसं संपवलं.

मग मी थांबले. नियमाप्रमाणे आता त्यांचा शब्द यायचा होता. मी यांच्याकडे बघत नव्हते, चहाच्या कपाकडे बघत होते, त्यावर साय धरली होती. बाबा काही बोलेनात. मला वाटलं झोप लागली. देवा, झोप लागू दे, असंही वाटलं.

“हा मी वाचला होता,” ते म्हणाले. “चौकात. स्टुलावर उभा राहून.”

मी म्हटलं, “बाबा, तेव्हा वाचक आजोबा होते. त्यांना ताप होता.”

“ताप नव्हता. लोक घरी आले, म्हणाले, आज एकेचाळिसावा वाचा. वडिलांनी पांघरूण ओढून घेतलं. म्हणाले, ताप आहे, आज वाचन नाही. मी त्यांच्या कपाळाला हात लावला. गार होतं. मला लाज वाटली त्यांची. मी सव्वीस वर्षांचा, आवाज चांगला. मी ग्रंथ उचलला आणि लोकांबरोबर गेलो.” मग बराच वेळ दम खात पडले. “काडी मी लावली नाही. मी वाचलं. ते सगळे मान्य म्हणाले आणि कालव्याकडे गेले. मी घरी आलो आणि जेवलो.”

मला काय वाटलं ते सांगू? आधी घाण वाटली. ज्या आवाजानं त्यांनी मला बोलायला शिकवलं तोच हा आवाज, असं मनात आलं आणि स्टुलावरून उठून जावंसं वाटलं. उठले नाही, कारण हे उठले नव्हते.

हे बोलले ते अगदी हळू. “माझ्या आईनं तुमचा आवाज ऐकला होता. ती म्हणायची, वाचणारा फार सुंदर वाचत होता, पाण्यावरून शब्दन् शब्द येत होता. ऐकून ऐकून तिला अध्याय पाठ होता. पुढे काय येणार ते तिला कळलं आणि ती मला घेऊन पाण्यात उतरली. बहिणीसाठी परत फिरायला वेळ मिळाला नाही.”

एवढंच. माफ केलं म्हणाले नाहीत, केलं नाही असंही म्हणाले नाहीत. बाबांनीही मागितली नाही. ते छताकडे तोंड करून म्हणाले, “अठ्ठावन्न वर्षं स्वतःला सांगतोय, देव बोलला, मी फक्त वाचलं. देवाला बोलायचंच होतं तर तो बोलला असता. त्याला माझा आवाज कशाला लागला?”

मी मूर्खासारखं नियमाप्रमाणे विचारलं, “बाबा, मान्य?”

“नाही,” म्हणाले. स्पष्ट. “पान उलटू नकोस.”

मी नाही उलटलं.

ताई


२६ मार्च, बुधवार

भोंग्या,

बाबांना जाऊन आज आठवडा झाला. तू आलास, खांदा दिलास, सगळं रीतसर केलंस. बाहेरच्या खोलीत यांच्या कुलपांमध्ये अवघडून बसला होतास तेव्हा मला तू सहा वर्षांचा दिसत होतास आणि जवळ येऊन बसावंसं वाटत होतं. मग तू आत गेलास आणि उघडा ग्रंथ बघून मिटायला हात घातलास. मी तुझं मनगट धरलं. जोरात धरलं, दुखलं असेल. तू म्हणालास, “ताई, बाबा भ्रमात होते.” मी विचारलं, “आजोबांना ताप होता का रे?” तू पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागलास.

म्हणजे तुला माहीत होतं. बाबांनी तुला केव्हातरी सांगितलं होतं आणि तरी तू दर वेळी तो वाचत आलास. मी त्याबद्दल भांडणार नव्हते. खरंच नव्हते. माझ्यात आता भांडायचं बळ नाही, दिवसभर चार वाजायची वाट बघते आणि चार वाजले की काय करावं कळत नाही.

पण आज तुझं छापील कार्ड आलं. ‘संपूर्ण ग्रंथ श्रवण करून, ओठी मान्य हा शब्द ठेवून...’ मी ते वाचलं, मग यांना वाचून दाखवलं. यांनी हातातली कानस खाली ठेवली. खाली लिहिलंय, येत्या रविवारी, तीस तारखेला, एकेचाळिसाव्याची पाळी आहे आणि तो बाबांच्या स्मरणार्थ वाचला जाईल.

बाबांनी आयुष्यभरात एकदाच ‘नाही’ म्हटलं, रे. त्यासाठी ते हट्टानं माझ्या घरी येऊन राहिले, डोळे नसताना, पाय सुजलेले असताना, आणि ज्याला सांगायचं त्याला सांगून गेले. तेवढी एकच गोष्ट त्यांची स्वतःची होती. ती तू कार्डावर छापून पुसलीस. कार्डं किती वाटलीस कुणास ठाऊक.

तेव्हा ऐक. आम्ही दोघं शनिवारी दुपारी निघतोय. रविवारी मी सभागृहात येणार आहे. पहिली खुर्ची घरातल्या थोरल्याची, हाही आजोबांचाच नियम. आई नाही, बाबा नाहीत, थोरली मी. कुणी हटकलं तर तुझ्याकडेच बोट दाखवीन. हे माझ्या शेजारी बसतील. तू वाचशील, तुझा आवाज चांगला आहे, पाण्यापलीकडेही जाईल. मग ग्रंथावरून मान वर करशील आणि सगळी सभा गप्प राहील, कारण पहिला शब्द त्या खुर्चीवरून यायचा असतो. तो येणार नाही. मी विनोद करत नाहीये आणि तुला धमकीही देत नाहीये. मला स्वतःलाच धडकी भरली आहे. एवढ्या माणसांत मी कधी काही केलेलं नाही, आणि त्यातली अर्धी मला लहानपणापासून ओळखतात. पण मी बसणार, आणि मी मान्य म्हणणार नाही. पान किती वेळ उघडं धरून उभं राहायचं ते तू ठरव.

बाबांची खाट आम्ही काढली. त्यांच्या ग्रंथासाठी खिडकीजवळ टेबल लावलंय, त्याच पानावर उघडा आहे. पंख्यानं पान उडायला लागलं, म्हणून यांनी त्यावर एक जुनं पितळी कुलूप ठेवलंय.

आणि भोंग्या, रविवारी सकाळी तुला ताप आला, तर मी तुझ्या कपाळाला हात लावून बघणार नाही. पांघरूण तेवढं घालीन.

तुझी,
ताई